अर्धा विचारलेला सवाल

आपा,

काल शबाना इमामसाहेबांचा जुब्बा घेऊन आली. तुम्ही कापलेला, तुम्हीच शिवलेला. काजं आणि खालची तुरपाई तेवढी राहिलेली. "अम्मीच्या हातचा हा शेवटचा कपडा आहे शालूबेन, तुम्हीच पुरा करा," एवढं म्हणाली आणि उभ्याउभ्या परत गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही. तुमच्या सुनेच्या डोळ्यांखाली काळं आलंय.

तुमच्या जनाज्याची नमाज ज्यांनी पढवली त्यांचाच हा जुब्बा. मी सुई ओवली आणि तशीच बसून राहिले. रडू आलं नाही. आजकाल रडूही येत नाही, नुसता थकवा येतो. भांडी घासताना येतो, जिना चढताना येतो, कुणी तुमचं नाव काढलं की येतो.

मी असं कधी काही लिहिलेलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वाचते, हिशेबापुरतं लिहिते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्यासमोर बोलायला मला तेवीस-चोवीस वर्षं मिळाली, तरी एक गोष्ट राहून गेली. ती आता लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाही.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो. ह्यांना नंदेसरीच्या कारखान्यात श्वासाचा त्रास सुरू झाला होता आणि नोकरी सुटली होती. ज्योती तेव्हा दुसरीत होती. दांडिया बाजारातल्या आमच्या खालच्या बाईंनी सांगितलं, मांडवीच्या पलीकडे एक जुबेदाबेन आहेत, हातशिलाईला बाई शोधताहेत. मी दारात उभी. तुम्ही मशीनवरून मान वर न करता म्हणालात, "हात दिखाओ." मला वाटलं नाडी बघता की काय. तुम्ही तळहात चाचपलात. "पसीना नाही ना येत? आमचं सगळं काम पांढरं असतं. डाग पडला तर इमामसाहेब तो जुब्बा मलाच घालायला लावतील." आणि स्वतःच हसलात. तो विनोद होता हे मला घरी गेल्यावर कळलं.

तुम्ही शिवायचात ते सगळं मशिदी-मदरशातल्या माणसांसाठी. आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. दाढी आणि टोपी दिसली की माझ्या दृष्टीने तो मौलवी. मी कपड्यांना चिठ्ठ्या टाचायचे त्यावरही तेच, मोठे मौलवी, उंच मौलवी, चष्म्याचे मौलवी. ईदेच्या आधी सगळे कपडे एकदम गेले आणि बांगीसाहेबांचा जुब्बा इमामांकडे आणि इमामांचा बांगीसाहेबांकडे गेला. बांगीसाहेब बुटके. ते म्हणे अजान द्यायला जिना चढताना जुब्ब्यात पाय अडकून दोनदा बसले.

तुम्ही चिडला होता. पण चिडतानाही तुमचं तोंड हसत होतं.

"शालूबेन, सब मौलवी? तुमच्याकडे देवळातला पुजारी, कीर्तनकार, ज्योतिषी आणि कोर्टातला वकील सगळ्यांना भटजीच म्हणता का?"

"मला काय माहीत आपा. सगळे सारखेच दिसतात."

"दिसतात सारखे. काम वेगळं. कामावरून कपडा. बसा इकडे."

आणि मग तुम्ही मला कपड्यावरून माणसं शिकवलीत. अजान देतो तो मुअज्जिन, आपल्या गल्लीत त्याला बांगी म्हणतात. तो दोन्ही हात कानाशी नेतो, म्हणून त्याची बगल सैल ठेवायची. इमाम पुढे उभा राहून नमाज पढवतो. वाकतो, माथा टेकतो, तेव्हा पाठीमागे शंभर माणसं. त्याच्या जुब्ब्याला पाठीवर शिवण नको, चमकणारा दोरा नको, मागच्याचं ध्यान कपड्यात जायला नको. हाफिज म्हणजे ज्याला कुराण तोंडपाठ, मग तो बारा वर्षांचा का असेना. मौलाना ही शिकलेल्याची पदवी. मुतवल्ली मशिदीचा कारभार बघतो, त्याला अरबी आलं नाही तरी चालतं, पण किल्ल्या सांभाळता आल्या पाहिजेत, म्हणून त्याच्या खिशाला दुहेरी कापड.

काझींच्या शेरवानीला तुम्ही आतून एक लांबट खिसा लावायचात. निकाह लावताना त्यात पेन. "पूर्वी काझी न्याय करायचा," तुम्ही सांगितलंत. "राजाने नेमलेला. दोन माणसं भांडत यायची, दोघांचं ऐकायचा, साक्षीदार बघायचा, मग निकाल. आता निकाल कोर्टात. आपले काझीसाहेब निकाह लावतात आणि नोंद ठेवतात. कुणी आपखुशीने गेलं तर नवराबायकोचं भांडण ऐकतातही. आणि आडनावाचे काझी तर गल्लोगल्ली. आमच्या मागच्या काझींचं पंक्चरचं दुकान आहे."

"आमच्याकडे कुलकर्णी बँकेत असतात तसं," मी म्हणाले.

तुम्ही मशीन थांबवून माझ्याकडे बघितलंत. "बोलता येतं की तुम्हाला!"

त्यानंतर तुम्ही मला बोलतं करण्याचा नादच घेतलात. मी टीव्हीवर ऐकलेलं, फतवा काढला, फतवा काढला. मला वाटायचं फतवा म्हणजे शिक्षा. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "अहो, फतवा म्हणजे जवाब. मुफ्ती म्हणजे मौलानाच्याही पुढे शिकलेला. लोक त्याला सवाल विचारतात, अमुक करू का, तमुक चालेल का. तो किताबं बघून जवाब देतो. तो कुणाला पकडून आणत नाही. काझी दोघांना बोलावतो. मुफ्ती फक्त सवाल ऐकतो. सवाल तुमचा, जवाब त्याचा, करायचं की नाही ते परत तुमचंच."

मुफ्तीसाहेबांच्या कपड्यात काय वेगळं, मी विचारलं.

"काही नाही. फक्त बाहीचं बटण घट्ट. दिवसभर टेकून लिहितात, बाह्या झिजतात."

मी हे सगळं घरी येऊन ज्योतीला सांगायचे. तिला फार मजा वाटायची. शाळेतून ती थेट तुमच्याकडेच यायची. बटणं रंगाप्रमाणे लावून ठेवायची. तुम्ही तिच्या डब्यात काहीबाही घालायचात. रमजानमध्ये तुमचा रोजा असला तरी दुपारी माझ्यासाठी चहा यायचा. मी नको म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "रोजा माझा आहे, तुमचा नाही. तुम्ही उपाशी राहून काज वाकडं केलंत तर त्याचं पुण्य कुणाला?" मी पडद्याआड जाऊन प्यायचे. गावात काही गडबड झाली की तुमचा निरोप आधी यायचा, आज येऊ नका, आणि शांत झालं की पहिला फोनही तुमचाच. ह्यांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा तुम्ही रोज रिक्षा करून यायचात आणि बाहेरच्या बाकावर बसायचात. आत यायचा नाहीत. "तुमचे पाहुणे असतात, त्यांना अवघडल्यासारखं होईल." हे गेले त्या दिवशीही तुम्ही त्या बाकावरच होता. हे सगळं मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सोपं झालं असतं.

ज्योतीला लहानपणी फिट यायची. तुमच्यासमोरच एकदा आली होती, कापडाच्या ढिगावर. तुम्हीच तिला कुशीवर वळवलं होतंत. बारा-तेरा वर्षांची झाली आणि थांबलं. मग डॉक्टरांनी औषधही बंद केलं. ती बी.कॉम. झाली, गोत्रीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसायला लागली. त्यानंतर सुरतेचं ते स्थळ आलं. मुलगा चांगला होता. फोनवर दोघं बोलली होती. ज्योतीचं आणि माझं ठरलं होतं, ते बघायला येतील त्या दिवशी ती स्वतः त्या मुलाला फिटचं सांगेल. कसं सांगायचं तेही तिने ठरवलं होतं. आरशासमोर उभी राहून म्हणून बघायची. तू सांगू नकोस आई, मीच सांगणार, म्हणायची.

त्याच्या आधीच मुलाची मावशी चौकशीला बडोद्याला आली. मी तुमच्याकडे काम करते हे कुणीतरी तिला सांगितलं असणार. ती परकराला लेस लावायच्या निमित्ताने तुमच्या दुकानात बसली. मी त्या दिवशी नव्हते. तिने विचारलं, मुलगी कशी आहे, घरकाम करते का. आणि तुम्ही म्हणालात, "सोन्यासारखी पोरगी. लहानपणी फिट यायची बिचारीला, तरी शाळा चुकवली नाही कधी. तशी दुसरी मिळणार नाही."

चार दिवसांनी सुरतेहून फोन आला. मुलीचं दुखणं तुम्ही लपवलंत, म्हणाले, आणि दुकानात झालेलं सगळं बोलणं मावशीने शब्दन्शब्द ऐकवलं. आम्ही लपवलं नव्हतं. पण हे कुणाला सांगत बसणार?

त्या मुलाने ज्योतीचा फोन उचललाच नाही. ती कामाला जात राहिली. घरी आली की भिंतीकडे तोंड करून झोपायची. वर्षभर तिने नवी ओढणी घेतली नाही. मी तिला सांगितलं, कुणीतरी सांगितलं त्यांना. तुमचं नाव सांगितलं नाही. तुमच्यावर तिचा फार जीव होता. मला वाटलं, लग्न गेलं ते गेलं, तिची आपा तरी राहू दे.

तुम्हाला मात्र मी विचारलं. किती दिवस धीर गोळा करत होते. मान खाली घालून, काज करता करता विचारलं, "आपा, त्या बाईला तुम्ही सांगितलंत?"

"काय?"

"फिटचं."

तुम्ही लगेच म्हणालात, "मी तारीफ केली तिची!"

"तारीफच होती. पण सांगितलंत."

"शालूबेन, रिश्त्याची चौकशी म्हणजे गवाही असते. खोटं बोलू?"

मी पुढचं काज घेतलं. तुम्ही मशीन सुरू केलीत. त्यानंतर कितीतरी महिने आपण एका खोलीत बसून काम केलं आणि दोरा द्या, कात्री द्या, एवढंच बोललो. मी काम सोडलं नाही. सोडून जाणार कुठे? आणि खरं सांगू, सोडावंसं वाटलंही नाही. तुमचा राग यायचा तोही तुमच्याच शेजारी बसून यायचा.

मग एके दिवशी तुम्ही बाहेरून आलात ते चेहरा उजळलेला. बुरखा खुंटीला लावायच्या आत सांगायला लागलात. "मुफ्तीसाहेबांना विचारून आले. म्हटलं, लग्नाची चौकशी करायला कुणी आलं तर जे खरं ते सांगावं का? ते म्हणाले, हो, सांगावं. ती विश्वासाने सोपवलेली अमानत आहे. बघा! माझं चुकलं नाही."

तुम्हाला किती हलकं वाटत होतं ते मला दिसत होतं. तुम्ही इतके महिने ते ओझं घेऊन बसला होता हेही तेव्हाच कळलं. मी गप्प राहिले असते तर तिथेच मिटलं असतं. पण कसं काय कोण जाणे, माझ्या तोंडून गेलं,

"आपा, तुम्ही अर्धाच सवाल विचारलात."

"अर्धा कसा?"

"त्या बाईने घरकामाचं विचारलं होतं. तब्येतीचं नाही. न विचारलेलं सांगितलं हे तुम्ही मुफ्तीसाहेबांना सांगितलंत का? मुलगी स्वतः सांगणार होती हे सांगितलंत का?"

"ते मला कुठे माहीत होतं?"

"म्हणूनच. तुम्हीच म्हणता, काझी दोघांना बोलावतो, मुफ्ती फक्त सवाल ऐकतो. तुमचा सवाल त्यांनी ऐकला. माझं कुणी ऐकलं?"

इतकं लांबलचक मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. तुम्ही लाल झालात. "जिसको सिखाया वही..." म्हणालात आणि अर्ध्यावर तोडलंत. मशीनवर बसलात आणि संध्याकाळपर्यंत नुसती मशीन चालवलीत. मला वाटलं, संपलं. उद्यापासून हातशिलाईला दुसरी बाई येणार.

दुसऱ्या दिवशी मी आले तर दुकानाला कडी. शबाना म्हणाली, अम्मी मदरशात गेल्यात, मुफ्तीसाहेबांकडे.

तुम्ही परत गेलात आपा. गुडघे दुखत असताना, भर उन्हात, पूर्ण सवाल घेऊन. दुसरं कुणी गेलं नसतं. आपल्या बाजूचा जवाब मिळाल्यावर कोण परत जातं?

आल्यावर तुम्ही खुर्चीवर टेकलात. पाणी प्यायलात. मग म्हणालात, "मुफ्तीसाहेब म्हणाले, जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं होतं. वरचं जे सांगितलं ते तुमच्याकडे बाकी आहे. मी म्हटलं, मग मी तौबा करते, नमाज जास्त पढते. ते म्हणाले, तो हक अल्लाचा नाही, माणसाचा आहे. मी माफ करू शकत नाही, काझी करू शकत नाही, इमामाने मक्केत उभं राहून दुवा मागितली तरी होत नाही. जिचं दुखलं तिच्याकडे जा."

मी विचारलं, "मी हिंदू आहे हे सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, हक हक असतो."

मग तुम्ही खुर्चीवरून उठलात. मला वाटलं पाणी आणायला. तुम्ही माझ्यासमोर येऊन खाली बसलात, जमिनीवर, तुमच्या त्या गुडघ्यांनी. म्हणालात, "शालूबेन, माफ करा."

मी काय म्हणाले? "असू दे आपा, उठा आधी."

"असू दे म्हणजे काय? केलं की नाही?"

मी तुमचा हात धरून उठवायला लागले. तुम्हीच पुढे म्हणालात, आणि त्यावरच आपलं भांडण लागलं, जे अजून लागलेलं आहे. "आणि ज्योतीकडेही जावं लागेल मला."

"तिला कशाला? तिला तुमचं नाव माहीत नाही."

"दुखलं तिचंच ना जास्त?"

"आमचं दोघींचं एकच आहे."

"एक कसं? फिट तुम्हाला यायची? लग्न तुमचं मोडलं? काझीपुढे दोन फिर्यादी असले तर दोघांना वेगळं उभं करतात. आई आहे म्हणून मुलीचं पण ती बोलणार, असं नसतं."

"आपा, तिच्याजवळ तुम्ही तेवढ्या उरला आहात. ते नका घालवू."

मी कधी नव्हे ते कठोर बोलले होते. तुम्ही माझं ऐकलंत. तुमचं मन नव्हतं, मुफ्तींचा जवाब वेगळा होता, तरी ऐकलंत. पण त्यानंतर अधूनमधून विचारायचात. सुईत दोरा ओवताना, "सांगू का तिला?" मी मान हलवायचे. "आणि तुम्ही? तुमचं तरी बोला." मी म्हणायचे, बघू. ज्योती समोर आली की तिच्या ताटात तुम्ही शीरखुर्मा जास्त वाढायचात आणि तिच्याकडे बघायचा नाहीत. ती म्हणायची, आपा हल्ली मला लाजतात का गं?

मला माफ करायचं नव्हतं असं नाही. पण तुम्ही विचारलं की माझ्यासमोर भिंतीकडे तोंड करून झोपलेली ज्योती यायची. वाटायचं, मी हो म्हटलं तर तिचंही हो म्हटल्यासारखं होईल. आणि ते म्हणायचा मला अधिकार आहे का? बघा, तुमचंच म्हणणं मला आतून पटलेलं होतं. तोंडाने मात्र मी उलट बोलत राहिले. म्हणून हो पण नाही, नाही पण नाही.

आणि ही तर अलीकडचीच गोष्ट. दुपारी जेवून तुम्ही आडव्या झालात आणि तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या अजानला उठला नाहीत. शबानाचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. सुरी हातात घेऊनच जिना उतरले. खालच्या बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

तुमच्या घरात बायका दाटीने बसल्या होत्या. तुम्हाला आंघोळ घालून पांढऱ्यात ठेवलं होतं. न शिवलेलं कापड. आयुष्यभर दुसऱ्यांची काजं-बगला मोजलीत आणि तुमच्या अंगावर एक टाका नाही, असं मनात आलं. बाहेर पुरुष जमले. इमामसाहेब आले, त्यांचा जुना जुब्बा घालून, कारण नवा तुमच्याच मशीनजवळ पडला होता. तुमचा युसुफ दारात येऊन बायकांकडे पाठ करून उभा राहिला. रडका आवाज. म्हणाला, "अम्मीने कुणाचं मन दुखावलं असेल, बोलण्यात-चालण्यात काही झालं असेल, तर माफ करा."

सगळ्या बायका म्हणाल्या, "माफ किया, माफ किया."

मी सोडून सगळ्या. माझ्या शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. मी ओठ हलवले पण आवाज नाही आला. तेवढ्यात तुम्हाला उचललं. बायकांनी दारापर्यंतच जायचं असतं. मी दारापर्यंत गेले.

त्यानंतर रोज मला वाटायचं, कुणाला तरी विचारावं. मेलेल्या माणसाला माफी पोचते का? इमामसाहेबांना विचारायला मशिदीच्या फाटकापाशी एकदा उभीही राहिले. ते बाहेर आले, त्यांनी मला ओळखलं, "जुबेदाआपांकडच्या ना तुम्ही?" म्हणाले. मी म्हणाले, "जुब्ब्याचं माप घ्यायचं होतं." ते म्हणाले, "माप तर आपांनी घेतलं होतं." मी परत आले. रस्ताभर स्वतःचाच राग येत होता. आणि मग लक्षात आलं की मीही अर्धाच सवाल घेऊन निघाले होते. माझ्या माफीचा. ज्योतीचा सवाल माझ्याकडे नव्हताच.

परवा रविवार होता. ज्योती गॅसपाशी चहा करत होती. ती आता एकतीसची आहे. लग्नाचं आम्ही दोघींनी बोलायचंच सोडून दिलंय. मी म्हणाले, "सुरतेच्या लोकांना फिटचं आपांनी सांगितलं होतं."

तिने गॅस बारीक केला. मग विचारलं, "मुद्दाम?"

"नाही. तुझी तारीफ करताना."

"आणि तुला कधीपासून माहीत आहे?"

मी सांगितलं. मुफ्तींचंही सांगितलं, दोन्ही वेळचं. तुम्ही जमिनीवर बसलात ते सांगितलं. तुम्हाला तिच्याकडे यायचं होतं आणि मी येऊ दिलं नाही हेही. चहा उतू गेला. तिने पुसला नाही.

"म्हणून जास्तीचा शीरखुर्मा," ती म्हणाली. मग हसली, मग हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "आई, यायला हवं होतं गं त्यांनी. मी भांडले असते. चांगली कडाडून भांडले असते. म्हटलं असतं, आपा, मी आरशासमोर किती दिवस पाठ करत होते, ते तुम्ही एका वाक्यात घालवलंत. त्या रडल्या असत्या. मी पण रडले असते. आणि मग त्यांच्या हातचं काहीतरी खाल्लं असतं. आता कुणाशी भांडू?"

मी म्हणाले, "माफ कर त्यांना."

ती म्हणाली, "तू तुझं कर. माझं मला बघू दे. लग्नाचं म्हणशील तर त्याचं मला आता काही वाटत नाही. पण भांडण न करता मला माफ करता येत नाही. खोटं वाटतं ते."

तुम्ही असता तर मांडीवर थाप मारून म्हणाला असता, बघा, दोन फिर्यादी. एक आहे म्हणत होता ना?

बरोबर होतं तुमचं. आम्ही दोघी एक नाही. ती तिच्या भिंतीकडे तोंड करून झोपत होती आणि मी माझ्या. मला हे मान्य करायला तुमचं मरण लागलं, याचं वाईट वाटतं. पण उगाच जास्त वाईट वाटून घेण्याइतकी ताकदही आता राहिलेली नाही.

तर आपा, माझ्या वाटणीचं सांगते. तुमच्या न विचारलेल्या बोलण्याने मला जे दुखलं ते मी माफ केलं. पूर्ण सवालाचा पूर्ण जवाब. हे मी काल दुपारी गॅसपाशी उभं राहून मोठ्याने म्हटलंही. घरात कुणी नव्हतं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ऐकायला तुम्ही नव्हता, पण ते बोललं गेलं.

ज्योतीचं मात्र तसंच आहे. तिने माफ केलं असं मी लिहिणार नाही. गोड वाटावं म्हणून असं काही लिहिलं तर तुम्हीच वैतागाल. तिचा राग खरा आहे आणि त्यात तुमच्यासाठी माया आहे. दोन्ही तिचंच आहे. काल रात्री जेवताना ती अचानक म्हणाली, "दुकानात पडलेले बाकीचे कपडे शबानाला एकटीला उरकणार नाहीत. मी रविवारी जाऊन बसते." एवढंच. त्याचा अर्थ मी लावत नाही. तुम्हीही लावू नका.

तुम्ही म्हणायचात, वर एकच हाकिम आहे, त्याला साक्षीदार लागत नाहीत, तरी तो प्रत्येकाला बोलू देतो. ते मला माहीत नाही. आमच्याकडे हे वेगळ्या तऱ्हेने सांगतात आणि मला तेही नीट माहीत नाही. पण तसं असेल, तर तुमची सुनावणी अर्धी राहिली आहे. दुसरी फिर्यादी यायची आहे. ती भांडायला येईल, चांगली कडाडून. तिच्यासाठी थांबा.

पण तिला घाई करू नका आपा. तिला सावकाश येऊ दे. खूप म्हातारी होऊन, केस पांढरे करून, काठी टेकत येऊ दे. तोवर थांबावं लागेल तुम्हाला.

तुमची
शालू